किनारीवर सगुणचे नाव

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर असतो तसला नव्हे, नाटकाचा. पेडणे तालुक्यातल्या एका लहान गावात, सातेरी देवीच्या देवळासमोरच्या रंगमंचावर माझे आयुष्य गेले. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण माझ्या गोष्टीत एक खटला आहे आणि तो अजून चालू आहे. खरे तर ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीच मला शंका वाटते. सांगायचे काम नटांचे. पडद्याचे काम झाकण्याचे. पण माझ्यावर एक अट घातली गेली आहे आणि ती पाळायची तर मला बोलणे भाग आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म डिचोलीचा. तिथे गोकुळदास नावाचे एक पेंटर होते. देवळांच्या भिंती, दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्यांनी जाड मांजरपाटाचे पट्टे एकमेकांना शिवले, घरामागच्या खळ्यात मला अंथरले आणि सरसात कालवलेल्या खडूचा हात माझ्यावर फिरवला. मग माझ्यावर नदी आली, नदीवर घाट, घाटावर देऊळ आणि दीपमाळ. पाण्यात दोन हंसही आले. त्यातल्या एकाची मान जरा जास्तच लांब झाली आहे. ती रंगवताना गोकुळदास कोणाशी तरी गप्पा मारत होते.

नदी ओली असताना त्यांची चिमुकली मुलगी गौरवी खेळता खेळता माझ्यावरून चालत गेली. काठापासून थेट हंसांपर्यंत तिची पावले उमटली. घरातली माणसे ओरडली, पण गोकुळदास हसले. त्यांनी लहान कुंचला घेतला आणि एकेका पावलाचे कमळ करून टाकले. ती कमळे अजून माझ्या नदीत आहेत.

मला न्यायला गावची माणसे आली, तेव्हा गोकुळदासांनी बांबूच्या वाशाकडे बोट दाखवून त्यांना एकच गोष्ट बजावली, "हेका घडी घालू नकात. वाश्यार गुंडाळा. घडी पडली की थंयच रंग फुटतलो."

माझ्या तळाशी एक वीतभर रुंद, तपकिरी किनार आहे. तिच्याविषयी सांगायलाच हवे. आमच्या नाटक मंडळात राबलेला माणूस गेला, की पुढच्या जत्रेच्या आधी त्याचे नाव त्या किनारीवर पिवळ्या रंगाने लिहितात. आडनाव नाही, पदवी नाही. नाव आणि त्याने केलेले काम, एवढेच. 'तात्या – राजा.' 'बाबल – पेटी.' 'नरसू – गॅसबत्ती.' नाटक संपते आणि मी खाली येतो, तेव्हा सर्वांत आधी ही नावे रंगमंचाला टेकतात. गावाला हे फार आवडते. मलाही.

आता सगुणविषयी.

सगुण माझी दोरी ओढणारा. मित्रांनो, दोरी काय कोणीही ओढील असे तुम्हाला वाटेल. मला दोन दोऱ्या आहेत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, आणि दोन्हींची टोके एकाच बाजूला उतरतात. डावीकडची कप्पी जन्मापासून अडते. दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या की मी वाकडा वर जातो आणि मध्येच अडकतो, मग लोक शिट्ट्या मारतात. सगुण दोन्ही दोऱ्या एकाच हाताच्या मुठीत धरी. दुसऱ्या हाताने आधी डावी थोडी ओढी, मग दोन्ही. प्रत्येक वेळी तो तोंडातल्या तोंडात पुटपुटे, "आदी दावी." आणि मी तळ्यातल्या पाण्यासारखा सपाट वर जाई.

पाठ न करताही त्याला सगळे नाटक ठाऊक असे. मंगेश मास्तर आमच्या मंडळाचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस, पण रंगमंचावर उभे राहिले की भाषणे विसरत. एकदा ते सम्राट झाले होते. तलवार उपसून उभे राहिले आणि पुढचे वाक्य काही येईना. प्रेक्षक थांबले. तेवढ्यात सगुणने मला असे झर्रकन खाली सोडले, की लोकांना वाटले अंक तलवारीवरच संपला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्याआड मास्तर रागावले. "सगुण, माझी अजून भाषणां होती रे!"

"खंय होती, मास्तरानू?" सगुण म्हणाला. "मी कितको वेळ तेंची वाट बघी होतंय!"

मोपाला विमानतळ झाला, तेव्हापासून आमच्या नाटकात विमानेही काम करू लागली. ऐन करुण प्रसंगात डोक्यावरून एक घरघरत जाई. एकदा नायकाचा बाप मरणशय्येवर शेवटचे शब्द बोलणार, इतक्यात विमान आले. दोरीजवळून सगुणचा दबका आवाज आला, "रव. इमान जावंदी. मगे मर." मरणारा बाप हसू दाबताना असा थरथरला, की समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

असा सगुण होता. पण मी एवढेच सांगितले तर ते अर्धे होईल आणि अर्धे सांगायला मला परवानगी नाही.

सगुण बाटल्या वाहून नेत असे. गोव्यात दारू स्वस्त आणि हद्दीपलीकडे महाग, म्हणून इब्रामपूरकडच्या रानवाटांनी काही माणसे पिशव्या घेऊन पलीकडे जातात. त्यातला तो एक होता. गावातही कोणी सांगितले तर घरपोच आणून देई. आमचा मृदंगवाला विठू त्याचा जिवलग मित्र. सगुण त्याला रोज आणून देई आणि विठू रोज पिई. विठूची बायको देवकी. तिने सगुणला हात जोडून सांगितले, शिव्या देऊन सांगितले, एकदा त्याची पिशवी विहिरीच्या कठड्यावर आपटून फोडली. सगुण मान खाली घालून निघून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. विठू ऐन चाळिशीत पोटात पाणी होऊन गेला. किनारीवर 'विठू – मृदंग' असे नाव आले. ते लिहिले त्या दिवशी सगुण माझ्यामागे बसून रडला, हे मी पाहिले आहे. पण त्याने बाटल्या सोडल्या नाहीत, हेही मी पाहिले आहे.

पुढचे मी पाहिलेले नाही. माझ्यासमोर जे बोलले गेले तेवढेच सांगतो. एका संध्याकाळी रानवाटेवर पोलिसांनी सगुणला पिशवीसकट धरले. झटापट झाली. सगुणने एका शिपायाच्या डोक्यात बाटली घातली. त्या शिपायाला टाके पडले, हे खरे आहे. मग सगुणचे हात बांधले आणि त्याला चौकीत नेले. कुठल्या चौकीत, हद्दीच्या कुठल्या बाजूच्या, ते न्यायालय पाहील. दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात हलवले आणि तिथून तो परत आला नाही. न्हाणीत पाय घसरून पडला, असे घरी सांगण्यात आले.

त्या वर्षी जत्रेला नाटक झाले नाही. मला उतरवायला सगुण नव्हता. ज्यांनी उतरवले त्यांना माहीत नव्हते. त्यांनी मला चादरीसारखी घडी घालून पेटाऱ्यात कोंबले. गोकुळदासांनी सांगितले होते तसेच झाले. जिथे घडी पडली तिथे माझी नदी फुटली. लांब मानेच्या हंसाची मान मधोमध गेली. मी अंधारात पडून राहिलो. वर्षभर कोणाला माझी आठवण झाली नाही. तक्रार करत नाही. गावाच्या मनात त्या वर्षी दुसरीच गोष्ट होती.

पुढच्या वर्षी, जत्रेला थोडे दिवस राहिले असताना, एका रविवारी सकाळी मला पेटाऱ्यातून काढून रंगमंचावर टांगले आणि माझ्यासमोरच मंडळाची सभा बसली. कोणी कदेलांवर, म्हणजे लाकडी खुर्च्यांवर, कोणी पायऱ्यांवर. मंडळाचा चिटणीस सिद्धेश. तो मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला आहे. तरुण, तडफदार, जरा तापट. तो उभा राहिला.

"किनारीवर सगुणकाकाचां नाव घालूक व्हया."

मंगेश मास्तरांनी चष्मा पुसला. "सिद्धेश, बाबा, तो गेलो तेचां दुःख माकाय आसा. पण ही किनार शाळेची भुरगीं वाचतत. उद्या एकान विचारलां, सगुण कोण, तर काय सांगतलंस? बाटल्यो व्हरी तो?"

"मगे तात्या कोण, मास्तरानू? तात्यान पत्त्यांत अख्खी बागायत घालयली. किनारीवर काय लिवलां? राजा! बाबलान दोन घरां केली. काय लिवलां? पेटी!"

लोक हसू लागले. मागून एक म्हातारा ओरडला, "नरसूचां मात काडू नकात हां, तेचो भाव हंयच बसलोहा!" नरसूचा भाऊही हसला.

"पण तेणां पोलिसाक मारलां तां?" कोणीतरी विचारले.

हसू थांबले. सिद्धेश म्हणाला, "मारलां. खोटां कशाक सांगू? पण मगे तेचे हात बांदले. हात बांदले म्हणजे मारामारी सोंपली. तेच्या फुडे जां झालां, तेका काय म्हणशात?"

"तां सगळां खरां," पायरीवरून आवाज आला. "पण जत्रेक लावडस्पीकराची परवानगी खंयसून हाडतलंस? पोलिसांकडसूनच मा? ह्या नाव वाचून दिती ते?"

बराच वेळ अशी बोलणी चालली. मित्रांनो, मला त्या गावाचे कौतुक वाटते ते यासाठी, की तिथे जे बोलले गेले ते समोरासमोर बोलले गेले. पाठीमागे कुजबुजून कोणी घरी गेले नाही.

शेवटी बायकांच्या बाजूने देवकी उठली. विठूची बायको. तिने एकच विचारले, "किनारीवर जागा खंय आसा?"

सिद्धेशने वाकून पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किनार नावांनी भरून गेली होती. एकच जागा मोकळी होती. तो हळूच म्हणाला, "विठूकाकाच्या कुशीक."

"माझ्या घोवान मृदंग वाजयलो," देवकी म्हणाली. "मेलो तो बाटलेन. बाटली कोण हाडी, तां हंय सगळ्यांक खबर आसा. तेका तुमी विठूच्या कुशीक निजयतलात?"

देवकी तशीच घराकडे निघाली. सभा मोडली.

सिद्धेशला हे सहन झाले नाही. त्याचे सगुणवर प्रेम होते आणि प्रेमात माणूस घाई करतो. तो तडक डिचोलीला गेला. गोकुळदास आता हयात नाहीत. त्यांच्या जागी त्यांची गौरवी कंप्युटरवर फलक छापते. चार दिवसांत देवळासमोर, माझ्या शेजारीच, एक भला मोठा चकचकीत बॅनर उभा राहिला. त्यावर सगुणचा चेहरा होता, पण अंगात कोट होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'थोर समाजसेवक, गोरगरिबांचे कैवारी, हुतात्मा सगुण यांना भावपूर्ण अभिवादन'.

ही चूक आमच्याकडेच होऊ शकते. आमच्या भागात माणूस गेला की बॅनरवर तो समाजसेवक होतो. जिवंतपणी त्याने काय केले हे कोणी विचारत नाही.

"सगुणान कोट खंयसून हाडलो रे?" जाणारे येणारे विचारू लागले. "पिशयेत बाटल्यो होत्यो की कोट?"

दुपारी सगुणची बायको प्रभावती बाजारातून आली. ती लाल भाजी पिकवून पेडण्याच्या बाजारात विकते. डोक्यावर टोपली तशीच होती. ती बॅनरसमोर थांबली. सिद्धेश आणि बॅनर घेऊन आलेली गौरवी त्याची दोरी आवळत होते.

"ह्यो कोण?" तिने विचारले.

"काकी, सगुणकाका."

"माझो घोव कोट घाली नाय होतो." तिने टोपली खाली ठेवली. "आनी समाजसेवक? तो बाटल्यो व्हरी. मी तेच्याकडे रोज भांडा होतंय. ह्या कोणी लिवलां?"

गौरवी शरमली. "काकी, तां कंप्युटरात तयारच असता. मेलेल्या माणसाक सगळ्यांक तांच घालतत."

"काड तां, बाये."

सिद्धेशचे डोळे भरून आले. "काकी, आमी तेका मान दितंव. लोक तेका चोर म्हणतत. तो बरो होतो, तां दाखवूक नको?"

आणि मग प्रभावती जे बोलली, ते मी जन्मभर विसरणार नाही. एवढी नाटके माझ्यासमोर झाली, पण असे वाक्य मी ऐकले नव्हते.

"बरो होतो म्हणान तुमी तेका मान दिशात, तर बरो नसलेल्याक मारूक हरकत नाय, असां होतला. तो बरो नाय होतो, सिद्धेश. थोडो बरो, थोडो वायट, तुझ्यासारखो, माझ्यासारखो. तरीय तेका मारूक नको होतां. माका तितक्याच व्हया. ह्यो कोटवालो माका नको."

बॅनर उतरला. प्रभावतीनेच एका बाजूने धरला. गौरवी तो गुंडाळत असताना तिची नजर माझ्याकडे गेली. ती जवळ आली. फुटलेल्या नदीवरून तिने बोट फिरवले आणि एका कमळापाशी थांबली. "ह्या माझां पाऊल," ती म्हणाली. मग तिने माझ्यावरच्या आडव्या भेगा पाहिल्या. "आनी घडी कोणी घातली हेका?" तिचा आवाज अगदी तिच्या वडिलांसारखा झाला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा बसली. यावेळी प्रभावती आली होती. ती रंगमंचावर चढली नाही. खालीच, देवकीच्या समोर उभी राहिली. दोघी शेजारी राहणाऱ्या, पण विठू गेल्यापासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"देवकीबाय," प्रभावती म्हणाली, "विठूभावजी माझ्या घोवाच्या बाटलेन गेले. तां खरां. मी तां कधी नाय म्हणचंय नाय. पण माझो घोव न्हाणयेत पडलो नाय. मी तेच्या पायांचे तळवे बघितलंय. काळे, सुजलेले. न्हाणयेत पडणाऱ्याचे तळवे फुटनत नाय. तांय खरां. एक खरां सांगून दुसरां पुसूक माका जमणां नाय, आनी तुयाय तां पुसू नको. नाव घालूचां नसला तर घालू नकात. पण तो घसरलो, असां हंय कोणी म्हणू नकात."

एवढे बोलून ती खाली बसली.

देवकीने किनारीकडे पाहिले. विठूच्या नावाकडे, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. मग म्हणाली, "घालात नाव. विठू जिवंत असतो तर तेणांच कूस दिल्यान असती. मेल्यांची संगत तीच होती." तिने नाक ओढले. "पण माझी एक अट आसा. भुरगीं विचारतली, सगुण कोण, तेन्ना सगळां सांगूक व्हया. दोरीय सांगा, बाटलीय सांगा, तळवेय सांगा. अर्दां सांगशात, तर मी स्वता येवन तां नाव खरवडतलंय."

मित्रांनो, माझ्यावर घातलेली अट ती हीच.

मग काय लिहायचे यावर थोडी चर्चा झाली. सगुणचे काम दोरी, यात वाद नव्हता. पण प्रभावतीला एक ओळ आणखी हवी होती आणि तिथे परवानगीची भीती पुन्हा डोके वर काढू लागली. तेव्हा मंगेश मास्तर उठले. खरे सांगायचे तर मला वाटले, ते आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "परवानगी मागूक मी जातंय. विचारल्यानी तर किनारीवर काय आसा तां सांगतंय. मी भाषणां विसरतंय, ह्या सगळ्या गावाक खबर आसा. माका सांबाळणारो एकूच होतो. ह्या एक वाक्य मी विसरूचंय नाय."

मास्तर गेले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. परवानगी मिळाली, नाटक वेळेत संपवण्याच्या बोलीवर. मास्तर परत आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता, पण ते हसत होते.

गौरवीने वडिलांचे कुंचले शोधून काढले. सरस शिजवला. माझ्या भेगा बुजवल्या, हंसाला मान परत दिली. भेगांच्या खुणा अगदी गेल्या नाहीत. "रवांदी," ती म्हणाली. मग गुडघे टेकून तिने किनारीवर पिवळ्या रंगाने लिहिले, 'सगुण – दोरी. मारहाणीत गेला.' नावाआधी काही नाही, नावानंतर आणखी काही नाही. विठूच्या अगदी कुशीत.

जत्रेच्या दिवशी गाव भरून आला. संध्याकाळी दिवे लागले. बंदोबस्ताला आलेला एक तरुण शिपाई माझ्यासमोर उभा राहून किनार वाचत होता. शेवटच्या नावापाशी तो थांबला. पुन्हा वाचले. मग मागे जाऊन उभा राहिला.

नाटक सुरू करायच्या आधी नारळ फुटला, देवीला गाऱ्हाणे घालून झाले. सिद्धेशने प्रभावतीला बोलावले. पहिल्यांदा दोरी तिने ओढावी, असे मंडळाने ठरवले होते. ती रंगमंचाच्या बाजूला आली. पण सगुणच्या मुठीत दोन दोऱ्या मावत, तिच्या मावेनात. मी तसाच खाली. लोक वाट पाहत होते. सिद्धेश पुढे होऊ लागला, तिने त्याला मानेनेच नको म्हटले आणि बायकांच्या बाजूला पाहिले.

देवकी उठली. कोणाकडे न बघता वर चढली. तिने डावी दोरी हातात घेतली, पण ओढली नाही.

"माझो राग गेलो नाय हां," ती हळू आवाजात म्हणाली.

"रवांदी राग," प्रभावती म्हणाली. "दोरी धर."

दोघींनी एकदम ओढले. डावी कप्पी अडली, मी एका बाजूने वर आणि एका बाजूने खाली असा लोंबकळत राहिलो. एरवी अशा वेळी शिट्ट्या होतात. त्या दिवशी कोणी शिट्टी मारली नाही. आणि मग अंधारातून, मला वाटते पुढच्या रांगेतून, एका माणसाचा आवाज आला, "आदी दावी!" लगेच दुसरा, "आदी दावी!" मग बायका, मग पोरे, सारा मांडव तेच ओरडू लागला. सगुण ते पुटपुटत असे. मला वाटायचे, ते फक्त मलाच ऐकू येते. सारे गाव ते ऐकत होते.

देवकीने डावी थोडी ओढली. मग दोघींनी मिळून ओढले. मी वर गेलो. सपाट नव्हे, थोडा वाकडाच. अखेर किनार उठली. विठू आणि सगुण एकदमच वर गेले.

तेव्हापासून शाळेची मुले येतात, किनार वाचतात आणि विचारतात, सगुण कोण? गावातले जो कोणी जवळ असेल तो त्यांना सगळे सांगतो. काही वेळा सांगणारा मध्येच गप्प होतो. मग दुसरा पुढे सांगतो.

मित्रांनो, आता माझे वय झाले. थोड्या वर्षांनी मला उतरवतील आणि माझ्या जागी नवा येईल. त्याचे मला वाईट वाटणार नाही. फक्त एक विनंती आहे. त्या दिवशी मला उतरवायला तुमच्यापैकी कोणी असेल, तर मला घडी घालू नका. घाईत घडी सोपी असते, नको ते आत जाते आणि हवे तेवढे वर राहते. पण जिथे घडी पडते तिथेच रंग फुटतो. मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गुंडाळा. नदी, कमळे, भेगा, किनारीवरची सगळी नावे, सगळे आत येऊ द्या. आणि गेलेल्या माणसांच्या बाबतीतही तसेच करा.

दोन्ही दोऱ्या एकदम सोडू नका. आधी डावी.